कँबायसिसच्या सातव्या वर्षाचं खंडग्रास चंद्रग्रहण

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बीएम ३३०६६ क्रमांकाची मातीची एक पाटी आहे. बोरूचं टोक ओल्या मातीत दाबून काढलेली बॅबिलॉनची कीलाक्षरं तिच्यावर आहेत, आणि त्यात कँबायसिस या पर्शियन राजाच्या सातव्या वर्षाच्या चंद्राच्या नि ग्रहांच्या नोंदी आहेत. त्यांत दोन चंद्रग्रहणं येतात. पहिल्याचा आशय असा: दुझू महिना, चौदावी रात्र, रात्र पडल्यावर १⅔ बेरूंनी (बेरू हे तिथलं कालमाप) चंद्राला ग्रहण, ते पूर्ण वेळ दिसलं, बिंबाचा उत्तरेकडचा अर्धा भाग झाकला गेला.

यानंतर साधारण पावणेसातशे वर्षांनी, इ.स. १५० च्या आसपास, अलेक्झांड्रियात टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने ‘अल्माजेस्ट’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या पाचव्या भागाच्या चौदाव्या प्रकरणात हेच ग्रहण पुन्हा भेटतं: कँबायसिसचं सातवं वर्ष, म्हणजे नबोनासर या बॅबिलोनी राजापासूनचं २२५ वं, मिसरी फामेनोथ महिन्याची १७/१८, बॅबिलॉनमध्ये मध्यरात्रीच्या एक तास आधी, उत्तरेकडून अर्धा व्यास ग्रस्त.

इतक्या जुन्या एकाच खंडग्रास ग्रहणाची मूळ मातीची नोंद आणि तिचा ग्रीक वापर, दोन्ही हाताशी असणं दुर्मीळ. त्यातही या ‘अर्ध्या’ बिंबावर टॉलेमीने चंद्राचा दृश्य व्यास, पृथ्वीच्या सावलीची रुंदी आणि पुढे सूर्याचं अंतर अशी तीन मजली इमारत उभी केली. हा अभ्यास त्या इमारतीचा आणि ती कुठे कलली याचा आहे.

तारीख हाताने जुळवणं

टॉलेमीच्या तारखा मिसरी वर्षाच्या आहेत. ३० दिवसांचे १२ महिने, वर ५ दिवस, एकूण ३६५. लीप दिवस नाही. गणित करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं पंचांग मिळणार नाही. नबोनासर शकाचा पहिला दिवस, थोथ महिन्याची १ तारीख, म्हणजे ज्युलियन २६ फेब्रुवारी इ.स.पू. ७४७.

२२५ व्या वर्षाच्या सुरुवातीला २२४ वर्षं पुरी झालेली असतात. तेवढ्या काळात ज्युलियन पंचांगात ५६ लीप दिवस येतात, म्हणून मिसरी नववर्ष ५६ दिवस मागे सरकतं. २६ फेब्रुवारी हा वर्षाचा ५७ वा दिवस. त्यातून ५६ गेले की १ जानेवारी. म्हणजे त्या वर्षी थोथची १ तारीख बरोबर १ जानेवारी इ.स.पू. ५२३ ला आली. फामेनोथ हा सातवा महिना, त्याची १७ तारीख वर्षाचा १९७ वा दिवस. साध्या वर्षात १९७ वा दिवस १६ जुलै. ग्रहण १६ जुलै इ.स.पू. ५२३ च्या रात्रीचं.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, वर्षाची खूण. इतिहासकार शून्य वर्ष धरत नाहीत, खगोलगणित धरतं, त्यामुळे इ.स.पू. ५२३ हे ग्रहणांच्या याद्यांमध्ये उणे ५२२ म्हणून येतं. उणे ५२३ खाली शोधणारा भलत्याच ग्रहणाशी झटापट करत बसतो. दुसरं, दिवसाची सुरुवात. मिसरी दिवस पहाटे सुरू होई, बॅबिलोनी दिवस सूर्यास्ताला, आपला मध्यरात्रीला. रात्रीच्या घटनेला टॉलेमी ‘१७/१८’ अशी जोडतारीख देतो ती घोळ टाळायलाच: संध्याकाळी १७, उजाडल्यावर १८. बॅबिलॉनची ‘चौदावी रात्र’ मात्र चौदाव्या दिवसाच्या आधीची, कारण तिथे रात्र आधी नि दिवस मागून. तिसरं, राशी. टॉलेमीच्या राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या आहेत. त्याने दिलेला सूर्य कर्केच्या १८ अंश १२ कलांवर, चंद्र मकरेच्या १८ अंश १४ कलांवर (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). हे आकडे ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या आपल्या निरयन पंचांगाच्या चौकटीत बसवू गेलं की सगळंच सरकतं.

वेळ: चाळीस मिनिटांचं कोडं

बेरू म्हणजे आपले दोन तास. त्याचे ३० भाग, प्रत्येक भाग ४ मिनिटांचा, म्हणजे आकाश एक अंश फिरायला लागणारा वेळ. १⅔ बेरू म्हणजे असे ५० भाग, ३ तास २० मिनिटं.

बॅबिलॉनचा अक्षांश सुमारे ३२½ अंश. सूर्य कर्केच्या अठराव्या अंशावर असताना तिथली रात्र जेमतेम दहा तासांची. सूर्यास्त ते मध्यरात्र पाच तासांना मिनिटभर कमी. सूर्यास्तापासून ३ तास २० मिनिटं मोजली तर स्थानिक वेळ येते साधारण रात्रीचे १० वाजून २० मिनिटं. टॉलेमीची वेळ ११. फरक ४० मिनिटांचा.

बॅबिलोनी नोंदींत दिलेली वेळ सहसा स्पर्शाची असते, म्हणजे बिंबाला सावली लागल्याची. टॉलेमी त्याच्याकडची वेळ मध्याची धरतो. अर्ध्या बिंबाच्या ग्रहणात, चंद्र पृथ्वीपासून लांब नि सावकाश चालत असताना, स्पर्शापासून मध्यापर्यंत सुमारे १ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे पाटीतली वेळ स्पर्शाची मानली तर मध्य येतो पावणेबाराच्या सुमारास, आणि टॉलेमीशी फरक उलट दिशेने पाऊण तासाचा होतो. ११ ही वेळ दोन्हींच्या अधेमधे लटकते. शिवाय पाटीवरच्या काही चांद्र नोंदी आकाशात पाहून नव्हे, गणिताने भरलेल्या असाव्यात असं अभ्यासकांचं मत आहे. तेव्हा पाटी खरी नि टॉलेमी खोटा, असा झटपट निवाडा करण्यात अर्थ नाही.

सुदैवाने या प्रकरणात वेळेची चूक फारशी बाधत नाही. ग्रहणमध्याला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, हे आधीच ठाऊक आहे. सूर्याची जागा घ्या, तिच्यात १८० अंश मिळवा, चंद्र तिथे. पाऊण तासात सूर्य दोन कलाही सरकत नाही, आणि त्यामुळे चंद्राच्या शरात, म्हणजे सूर्यमार्गापासूनच्या त्याच्या उत्तर-दक्षिण कोनात, पडणारा फरक जेमतेम १० विकलांचा. हीच पाऊण तासाची चूक चंद्राच्या कोष्टकातून सरळ आणली तर मात्र शर दोन कलांनी बिघडतो. टॉलेमीचे चंद्र-सूर्य दोन कलांच्या आत समोरासमोर आहेत, म्हणजे त्याची अकराची वेळ त्याच्याच कोष्टकाशी चोख बसते. जरा जास्तच चोख, असं म्हणायला जागा आहे.

चतकोर आणि अर्धा

टॉलेमीला चंद्राचा दृश्य व्यास हवा होता. आधीचे लोक पाण्याच्या घड्याळाने बिंब उगवायला लागणारा वेळ मोजत. त्याला तो मार्ग भरवशाचा वाटला नाही. हिप्पार्कस या आधीच्या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने वर्णन केलेली चार हात लांबीची दुर्बिणविरहित नेमदांडी, जिच्यावर एक चकती पुढेमागे सरकवून बिंब झाकून पाहतात, ती त्याने वापरली. तिच्यावरून त्याने एवढंच ठरवलं की सूर्याचं बिंब जाणवण्याइतकं लहानमोठं होत नाही आणि चंद्र सर्वांत दूर असताना त्याच्याएवढा दिसतो. कला-विकलांतला आकडा दांडीवरून घ्यायचं त्याने टाळलं. त्यासाठी त्याने दोन खंडग्रास ग्रहणं निवडली.

एक कँबायसिसच्या वर्षातलं. दुसरं त्याच्या ९८ वर्षं आधीचं: बॅबिलॉनचा राजा नबोपोलासर याचं पाचवं वर्ष, नबोनासर १२७, अथिर महिन्याची २७/२८, बॅबिलॉनमध्ये रात्रीच्या अकराव्या तासाच्या अखेरीला स्पर्श, दक्षिणेकडून चतकोर व्यास ग्रस्त. वरच्याच रीतीने मोजलं की तारीख येते २२ एप्रिल इ.स.पू. ६२१ ची पहाट.

या ‘अकराव्या तासा’कडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण जुन्या नोंदी वाचणारे इथे हमखास चुकतात. हा आपला साठ मिनिटांचा तास नाही. रात्र लहान असो की मोठी, तिचे बारा भाग. ऋतूप्रमाणे तास आखडतो किंवा ताणतो. मध्यरात्र म्हणजे सहाव्या तासाची अखेर, तेव्हा स्पर्श मध्यरात्रीनंतर ५ ऋतुतासांनी आणि मध्य सुमारे ६ ऋतुतासांनी, जवळजवळ सूर्योदयालाच. एप्रिल अखेरीला बॅबिलॉनची रात्र बारा तासांपेक्षा थोडी लहान असल्याने हे ६ ऋतुतास टॉलेमी ५ तास ५० मिनिटं धरतो. एक ऋतुतास ५८⅓ मिनिटांचा झाला. मग बॅबिलॉन ते अलेक्झांड्रिया हा रेखांशाचा फरक तो ५० मिनिटांचा मानतो आणि मध्याची अलेक्झांड्रियातली वेळ पहाटे ५ वर आणतो. खरा फरक साडेचौदा अंशांचा, म्हणजे ५८ मिनिटं. आठ मिनिटांची ही चूक दोन्ही ग्रहणांत सारखीच असल्याने इथे निभावून गेली.

दोन्ही तारखा एकमेकींवर घासून पाहता येतात. मिसरी पंचांगात ९८ वर्षं म्हणजे ३५,७७० दिवस, अथिर २७ ते फामेनोथ १७ म्हणजे आणखी ११०, एकूण ३५,८८०. काळाच्या क्रमाने इ.स.पू. ६२१ चं ग्रहण पहिलं, ५२३ चं दुसरं म्हणू. पहिला मध्य पहाटेचा, दुसरा रात्रीचा, म्हणून सुमारे ६ तास ५० मिनिटं वजा. राहतात ३५,८७९.७२ दिवस. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३०५९४ दिवस धरले तर १,२१५ महिन्यांचे ३५,८७९.६७ होतात. ९८ वर्षांत जेमतेम तासाभराचा फरक, आणि तेवढा तर चंद्राच्या कमीजास्त गतीनेच पडतो. नोंद ठेवणाऱ्यांनी दिवस चुकवलेला नाही.

निवडही विचारपूर्वक आहे. दोन्ही वेळा चंद्र त्याच्या उच्चाजवळ, म्हणजे पृथ्वीपासून सर्वांत लांबच्या टप्प्यात होता: उच्चापासूनचा कोन पहिल्या वेळी ३४० अंश ७ कला, दुसऱ्या वेळी २८ अंश ५ कला. अंतर सारखं म्हणून बिंब सारखं आणि सावलीचा छेदही सारखा. हे जमलं नसतं तर पुढची वजाबाकी निरर्थक ठरली असती. खग्रास ग्रहणं इथे कुचकामी, कारण बिंब सावलीत पूर्ण बुडालं की किती खोल बुडालं हे डोळ्याला दिसत नाही.

पात म्हणजे चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला छेदते तो बिंदू. पहिल्या वेळी चंद्र पातापासून ९ अंश २० कला, दुसऱ्या वेळी ७ अंश ४८ कला. पहिला उतरत्या पाताजवळ, ज्याला आपण केतू म्हणतो, म्हणून चंद्र उत्तरेला आणि सावली लागली ती दक्षिणेकडून. दुसरा राहूजवळ, चंद्र दक्षिणेला, सावली उत्तरेकडून. नोंदीतली दिशा नि गणितातली दिशा जुळते. जुनी नोंद तपासताना ही पहिली चाळणी. चंद्रकक्षेचा कल टॉलेमी ५ अंश घेतो. मग शर येतो पहिल्या वेळी ४८ कला ३० विकला, दुसऱ्या वेळी ४० कला ४० विकला.

आता खरी गंमत. अर्धा व्यास झाकला गेला याचा अर्थ सावलीची कड बरोबर चंद्राच्या केंद्रातून गेली. म्हणजे सावलीच्या केंद्रापासून चंद्राच्या केंद्रापर्यंतचं अंतर हीच सावलीची त्रिज्या. काही मोजावंच लागत नाही. शर ४० कला ४० विकला, तर सावलीची त्रिज्याही ४० कला ४० विकला. चतकोर ग्रहणात कड केंद्राच्या अलीकडे पाव व्यासावर थांबली. म्हणून तेव्हाचा शर म्हणजे सावलीची त्रिज्या अधिक पाव व्यास. दोन शरांची वजाबाकी ७ कला ५० विकला, हा पाव व्यास. चौपट केली की चंद्राचा व्यास ३१ कला २० विकला. सावलीची त्रिज्या चंद्राच्या त्रिज्येच्या २⅗ पटीला किंचित कमी.

ना यंत्र, ना दुर्बीण. दोन जुन्या ओळी आणि एक वजाबाकी. भूमितीचा इतका काटकसरी वापर क्वचितच दिसतो, आणि तो फसला तरी त्याचं कौतुक कमी होत नाही.

वजाबाकीत काय दडलं

बॅबिलोनी निरीक्षक ग्रासमान बोटांत सांगत. बिंबाचा व्यास बारा बोटं. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांतही ग्रास अंगुळांत येतो. तेव्हा चतकोर म्हणजे ३ अंगुळं, अर्धा म्हणजे ६, आणि व्यास ठरला तो या दोहोंमधल्या ३ अंगुळांवर.

डोळ्याने केलेल्या अंदाजात अर्ध्या अंगुळाची चूक कुणालाही माफ आहे. दोन ग्रासांत खरा फरक साडेतीन अंगुळांचा असता तर त्याच ७ कला ५० विकलांवरून व्यास आला असता सुमारे २६ कला ५० विकला. अडीच अंगुळांचा असता तर ३७ कला ३६ विकला. अर्ध्या अंगुळाने उत्तर पंधरा-वीस टक्क्यांनी हेलकावे खातं. दोन मोठ्या, जवळपासच्या आकड्यांची वजाबाकी करून त्यातून लहान आकडा काढला की हे होणारच; दोन भरल्या पोत्यांचं वजन करून मधल्या ओंजळभर दाण्यांचा हिशेब लावण्यासारखं.

अंदाज चुकण्याची कारणं तीन, आणि ती आजही तशीच लागू आहेत.

पहिलं, सावलीला धारदार कड नसते. गडद छायेभोवती सूर्यबिंबाच्या रुंदीएवढा, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त, विरळ छायेचा पट्टा असतो. कडेलगतचा भाग इतका काळवंडतो की नजर त्यालाही गडद छायेत ओढते, आणि ग्रास फुगवून सांगितला जातो. पृथ्वीचं वातावरणही सावली साधारण दोन टक्क्यांनी मोठी करतं.

दुसरं, व्यास की क्षेत्रफळ? ‘चतकोर’ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे भाकरीचा तुकडा येतो, काठीवरची खूण येत नाही. सावलीची कड गोल असल्याने दोहोंत बराच फरक पडतो. सावली चंद्राच्या २.६ पट धरली, तर व्यासाचा चतकोर ग्रस्त असताना क्षेत्रफळ झाकलेलं असतं फक्त १७ टक्के. अर्धा व्यास ग्रस्त असताना ४६ टक्के. टॉलेमीला हा फरक पुरता माहीत होता, पुढच्या भागात त्याने व्यासाच्या अंगुळांवरून क्षेत्रफळाची अंगुळं काढायचं कोष्टक दिलं आहे. नोंद करणाऱ्याच्या मनात काय होतं, हे मात्र त्याला मानून चालावं लागलं. पाटीवरचा शब्द ‘बिंबाचा उत्तरेकडचा अर्धा’ असा आहे, टॉलेमीचा ‘अर्धा व्यास’.

तिसरं, पहिलं ग्रहण क्षितिजालगतचं. मध्य सूर्योदयाला, म्हणजे चंद्र मावळायला टेकलेला, आकाश उजळलेलं. अशा चंद्रावर तीन अंगुळं आणि साडेतीन अंगुळं यांत फरक करणं फार कठीण.

आकड्यांची एक उलटी खोडही पाहण्यासारखी आहे. कक्षेचा कल ५ अंशांऐवजी खरा, ५ अंश ९ कला, घेतला तर गणित सुधारायला हवं. पण दोन्ही शर त्याच प्रमाणात वाढतात आणि व्यास ३२ कला १६ विकला येतो, म्हणजे आणखी बिघडतो. चंद्र सर्वांत लांब असताना त्याचा खरा व्यास सुमारे २९½ कलाच असतो. एका चुकीने दुसरीला थोडं सावरून धरलं होतं.

घरी पडताळा घ्यायचा तर अलीकडची दोन ग्रहणं सोयीची, दोन्ही भारतातून दिसलेली: १६-१७ जुलै २०१९ चं, ज्यात व्यासाचा सुमारे ०.६५ भाग म्हणजे पावणेआठ अंगुळं ग्रस्त झाली, आणि २८-२९ ऑक्टोबर २०२३ चं, ज्यात जेमतेम दीड अंगुळ. २०१९ च्या ग्रहणमध्याचं, रात्री तीनच्या सुमाराचं, छायाचित्र घ्या. सावलीच्या कडेवर तीन ठिपके द्या, एक मधोमध, दोन टोकांजवळ. दोन जोड्यांचे लंबदुभाजक काढा. ते मिळतात तिथे सावलीचं केंद्र. कंपासने त्रिज्या घेऊन चंद्राच्या त्रिज्येने भागा. २.६ च्या आसपास काहीतरी यायला हवं. ठिपके दुसऱ्या कुणाकडून काढून घेतले की उत्तर सहज दशांश-दोन दशांशांनी सरकतं, आणि पसरट कड म्हणजे काय ते लगेच कळतं. कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवून घेतलेलं छायाचित्र टाळा; विरळ छाया धुवून निघते आणि ग्रास कमी दिसतो.

सूर्यापर्यंतची उडी

टॉलेमी चंद्रावर थांबला नाही. लगेचच्या प्रकरणात त्याने याच सावलीवरून सूर्याचं अंतर काढलं. त्यामागचा नियम लहान आहे: सावलीची त्रिज्या अधिक सूर्यबिंबाची त्रिज्या, बरोबर चंद्राचं लंबन अधिक सूर्याचं लंबन. लंबन म्हणजे पृथ्वीची त्रिज्या त्या गोलावरून जितक्या कोनात दिसेल तो कोन.

चंद्राचं कमाल अंतर त्याने इ.स. १३५ च्या ऑक्टोबरमध्ये अलेक्झांड्रियात घेतलेल्या लंबनाच्या वेधावरून ६४ पूर्णांक एक षष्ठांश पृथ्वीत्रिज्या ठरवलं होतं. आजचा आकडा ६३.८ च्या आसपास, तेव्हा इथे त्याचा नेम चांगला बसला. त्या अंतरावरचं चंद्राचं लंबन ५३ कला ३५ विकला. सूर्याची त्रिज्या १५ कला ४० विकला, म्हणजे चंद्राएवढीच. मांडणी करा: ४० कला ४० विकला अधिक १५ कला ४० विकला, झाले ५६ कला २० विकला. त्यातून ५३ कला ३५ विकला गेले. सूर्याच्या वाट्याला उरलं २ कला ४५ विकला.

हे उरलेलं शिल्लक खातं सगळा खेळ करतं. २ कला ४५ विकलांचं लंबन म्हणजे सुमारे १,२५० पृथ्वीत्रिज्या. टॉलेमीने गुणोत्तर सरळ २⅗ केलं, त्याने सावली अवघ्या ४ विकलांनी वाढली, आणि तेवढ्याने उत्तर १,२२० वर आलं. वाटेतल्या आणखी थोड्या काटछाटीने तो १,२१० वर पोहोचला. सावलीच्या शंकूची लांबी २६८ पृथ्वीत्रिज्या, सूर्याचा व्यास पृथ्वीच्या साडेपाच पट.

आता सावलीची त्रिज्या एका कलेने वाढवा: सूर्य ९१५ वर येतो. एका कलेने कमी करा: १,९६० च्या घरात जातो. पावणेतीन कला कमी करा: सूर्य अनंतावर. आणि पावणेतीन कला म्हणजे किती? चंद्रबिंबाचं एक अंगुळ २ कला ३७ विकलांचं. कँबायसिसच्या वर्षी बिंब सहाऐवजी पाच अंगुळं झाकलं गेलं असं धरून, व्यास तोच ठेवून गणित केलं, तर सूर्य येतो जवळपास २३,७५० पृथ्वीत्रिज्यांवर. खरं अंतर सुमारे २३,५०० आहे. हा निव्वळ योगायोग, कारण बाकीचे आकडेही चुकलेले आहेत. पण एका अंगुळाने सूर्य एकोणीस-वीस पट दूर जातो, यावरून या रीतीच्या अंगी किती बळ होतं ते दिसतं.

आजच्या गणिताने चंद्र कमाल अंतरावर असताना गडद छायेची त्रिज्या ३९ कलांच्या आसपास येते. टॉलेमीची दीड-दोन कलांनी मोठी. खरी सावली हाती असती तरी सूर्य हाती लागला नसता, कारण त्याचं खरं लंबन ९ विकलांहूनही कमी. कलांमध्ये चूक करणाऱ्या मापाने विकला पकडता येत नाहीत.

चंद्राचा कमीत कमी व्यास ३१ कला २० विकला मानल्याचा आणखी एक परिणाम झाला. सूर्यही तेवढाच. म्हणजे चंद्र कधीच सूर्यापेक्षा लहान दिसणार नाही, आणि कंकणाकृती सूर्यग्रहण टॉलेमीच्या चौकटीत अशक्य ठरलं. कंकणाकृती ग्रहणं तर होतातच. इ.स. ९०० च्या सुमारास अल्-बत्तानी या अरबी खगोलशास्त्रज्ञाने उच्चातल्या चंद्राचा व्यास २९ कला ३० विकलांवर आणला आणि कंकणाला जागा करून दिली.

टॉलेमीचे दोन शर तसेच ठेवून बत्तानीचा व्यास घेतला, तर दोन ग्रासांत फरक यायला हवा ३ नव्हे, ३.१९ अंगुळांचा. म्हणजे नोंदींमधली तूट एका अंगुळाच्या पाचव्या हिश्शाहूनही थोडी कमी. कोनात सांगायचं तर २७-२८ विकला. नुसत्या डोळ्याला वेगळं दिसू शकणारं लहानात लहान अंतर साधारण एक कला, म्हणजे ६० विकला असतं.